फ्यूजच्या जागी चांदी

त्यांचं खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण गल्लीत ते कुणी वापरत नाही. गाड्यांमध्ये स्टिरिओ बसवणाऱ्या या माणसाला सगळे दोनमिनिटे म्हणतात. स्पीकर फाटला? दोन मिनिटं. वायरिंग जळालं? दोन मिनिटं. बायकोला कळा सुरू झाल्याचा निरोप आला, तेव्हाही हे एका जीपच्या डॅशबोर्डात डोकं घालून "आलोच, दोन मिनिटं" म्हणाले होते. लेक त्यांच्या आधी पोचली.

ती लेक आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि त्या दिवशी अकराला तिचा पेपर होता.

साडेनऊला दातांच्या डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या. कंपनीचा जुना स्टिरिओ एकच स्टेशन लावायचा, तेही खरखरत. नवा, मोठ्या पडद्याचा, त्यांनी खोक्यासकट आणला होता.

"घाटापलीकडे दवाखाना आहे माझा. दहाला निघायलाच हवं. होईल ना?"

"दोन मिनिटांचं काम आहे, मॅडम."

प्लास्टिकच्या पट्टीने त्यांनी डॅशबोर्डची चौकट उचकटली, चार स्क्रू काढले, जुना डबा बाहेर ओढला. शहाणा माणूस याआधी बॅटरीची वायर सोडतो. यांनी सोडली नाही. त्यासाठी बॉनेट कोण उघडणार? व्हायचं तेच झालं. गाडी बंद असतानाही जिच्यात करंट असतो ती पिवळी वायर आतल्या लोखंडी पट्टीला घासली, ठिणगी उडाली आणि फ्यूज गेला. वायरीचं वरचं प्लास्टिकही सोललं. त्यावर त्यांनी चिकटपट्टीचा एक वेढा मारला. नीट मग मारू म्हणाले, स्वतःशीच.

त्या मापाचा फ्यूज सुट्या सामानाच्या डब्यात नव्हता. मग त्यांनी इतकी वर्षं केलं तेच केलं. चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी जळक्या फ्यूजला गुंडाळली आणि तो परत स्टिअरिंगखालच्या खोबणीत दाबला. नवा स्टिरिओ जोडताच झगमगला. चांदी फक्त तपासण्यापुरती लावायची असते, हे त्यांनाही ठाऊक होतं. फ्यूजचं कामच मुळी वेळ आली की स्वतः जळून गाडी वाचवणं. चांदी सहजी जळत नाही. तिच्याआधी वायर पेटते.

चौकट दाबून बसवून ते समोरच्या दुकानातून फ्यूज घेऊन आले, तर बाई स्टिअरिंगवर बसलेल्या, गाणं चालू, आणि शेजारी पेपरला निघालेली लेक.

"बाबा, मॅडम मला कॉलेजपाशी सोडतायत. वाटेतच आहे म्हणे."

"वा वा! शांतपणे लिही हो," ते म्हणाले. बाईंचा फोन त्यांनी घाईघाईने स्टिरिओला जोडून दिला, बटणं दाखवली, हात हलवला. गाडी कोपऱ्यावरून वळली.

दहा मिनिटांनी खाली पडलेला स्क्रू उचलायला ते वाकले आणि शर्टाच्या खिशातून काहीतरी फरशीवर पडलं. नवाकोरा फ्यूज.

घाटाचा रस्ता, त्यावरचे खड्डे, चिकटपट्टीचा तो एकच वेढा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. त्यांनी लेकीला फोन लावला. तो दुकानातच, मागच्या फळीवर चार्जिंगला लावलेला, वाजायला लागला. परीक्षेला फोन नेता येत नाही. मग वहीतून बाईंचा नंबर शोधला. दोनदा चुकीचा लागला. तिसऱ्यांदा घंटा वाजत राहिली, वाजत राहिली आणि बंद पडली. कुठलं बटण दाबून फोन घ्यायचा ते बाईंना समजत नसणार. समजणार कसं? शिकवलं होतं कुणी, तर दोनमिनिटेंनी.

दुकान उघडं टाकून त्यांनी स्कूटर काढली. घाट लागेपर्यंत त्यांच्या सगळ्या देवांना हाका मारून झाल्या होत्या. माझे हात घे, डोळे घे, दुकान घे. दुसऱ्या वळणावर धूर दिसला आणि ते ओरडलेच. रस्त्याकडेला कुणीतरी पालापाचोळा पेटवला होता. रडू आवरत नव्हतं, आणि थांबायची सोय नव्हती.

चौथ्या वळणानंतर, जिथे रस्ता जरा रुंद होतो, तिथे गाडी उभी होती. चारही दारं उघडी. डॉक्टरीणबाई लांब कठड्यापाशी, पांढऱ्याफटक. लेक स्टिअरिंगखाली गुडघ्यावर बसलेली. तिने बापाकडे पाहिलं आणि मूठ उघडली. मुठीत चांदी होती, काळी पडलेली.

"वास आला," ती म्हणाली. "थांबायला जागा मिळेना. थांबल्यावर आधी हेच उपटलं."

"तुला कसं कळलं, बाळ?"

तिचा आवाज बारीक झाला. "तुम्ही काम केलेल्या गाडीत मला गाणी ऐकू येत नाहीत, बाबा. लहानपणापासून. मी वासच घेत बसते."

त्यांनी बॉनेट उघडून आधी बॅटरी सोडली, मग चौकट काढली. चिकटपट्टी सरकून लोंबत होती. पिवळी वायर वीतभर वितळली होती आणि शेजारच्या प्लास्टिकला फोड आले होते. अजून दोन मिनिटं गेली असती तर... त्यांनी हिशोब तिथेच सोडला.

"स्कूटर घे. पेपर चुकवू नकोस. हळू जा."

लेक गेली. बाई जवळ आल्या. "किती वेळ लागेल, काका?"

नेहमीचं उत्तर जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. कारण त्याच क्षणी त्यांना शाळेची व्हॅन आठवली. मागच्या महिन्यात तिलाही स्टिरिओ बसवला होता. चालक घाईत होता, मुलं सुटायची वेळ झाली होती. तेव्हाही डब्यात फ्यूज नव्हता. चांदी लावलेली त्यांना स्पष्ट आठवत होती. काढलेली आठवत नव्हती.

"मॅडम, थांबा," ते म्हणाले. "मला आधी एक फोन करू द्या."

घंटा वाजायला लागली. त्यांनी घड्याळात पाहिलं. सकाळची शाळा सुटून व्हॅन निघायची हीच वेळ होती.