पाठीवर पाव, पोटावर पंच्याहत्तर

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी मीटरपट्टी आहे आणि मी थकले आहे. लाकूड थकत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर लाकूड होऊन चौथीच्या वर्गात राहून बघा.

आधी मी दांडा होते. चिकलठाण्याजवळ जालना रस्त्यावरच्या जकात नाक्यावर आडवं पडायचं आणि बैलगाड्या अडवायच्या, एवढंच काम. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पुढं नाकाही उठला. अडवायला कोणी उरलं नाही. मग सरकारनं गज, हात, वीत या सगळ्यांना घरी बसवलं आणि मीटर आणला. तेव्हा रामकिसन सुतारानं मला कापून, तासून पट्टी केली. माझी इच्छा कोणी विचारली नाही.

मला करवून घेतलं गावच्या शाळेतल्या काकासाहेब मास्तरांनी. त्यांची अडचण खरी होती. पोरांना पाव, अर्धा, पाऊण घरबसल्या ठाऊक. पण फळ्यावर ०.२५ लिहिलं की वर्ग असा बघायचा, जणू मास्तरांनी तिथं मुंगळा चिरडलाय. म्हणून माझ्या पाठीवर चार भाग आणि पोटावर शंभर. पाठीवरच्या खुणेवर बोट ठेवायचं, मला उलटायचं आणि पोटावर दशांश वाचायचा. मास्तरांनी अर्ध्यावर बोट ठेवून उलटलं. बरोबर ०.५०! ते खूश झाले आणि पुढचं तपासायचं राहून गेलं. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी तर माझा वास घेऊन "उत्तम सागवान" असा शेरा दिला.

मास्तर एक आणि वर्ग चार. मला चौथीच्या हाती देऊन ते पहिलीकडं जायचे. चारही वर्ग एकदम ओरडायचे, त्यामुळं चौथी काय घोकतेय ते कोणालाच ऐकू यायचं नाही. चौथी घोकत होती, "पाव म्हणजे पंच्याहत्तर शतांश! पाऊण म्हणजे पंचवीस शतांश!"

त्यात सगळ्यात मोठा आवाज बानाचा. तिचा बाप मुंजाबा मेंढपाळ. पोरीला शाळेत घालताना त्यानं मास्तरांना बजावलं होतं, "शिकून मेंढरांच्या कामाला आली तर राहील. नाय तर मेंढरांमागं जाईल."

एकदा मुंजाबाला मेंढवाड्याच्या कुंपणात फट पाहिजे होती. कोकरू जाईल, मेंढी जाणार नाही, अशी. पाव मीटर ठरली. तो बाजाराला गेला आणि रामकिसननं बानाला विचारलं, "माझ्या नव्या टेपवर पाव-बिव नाय, पोरी. आकडा सांग."

"पंच्याहत्तर," बाना म्हणाली.

फट झाली. बानाला ती जरा मोठी वाटली. पण तिचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास होता. मला हे आठवलं की अजून कसंतरी होतं.

सकाळी त्या फटीतून कोकरं आली, मेंढ्या आल्या, मेंढे आले, कुत्रा आला आणि शेवटी त्यांच्यामागं धावत मुंजाबाही त्याच फटीतून आला. सगळे मिळून शाळेत शिरले. एका मेंढीनं पहिलीची बाराखडी खाल्ली.

"चल गं," मुंजाबा म्हणाला. "झाली तुझी शाळा."

बाना हलेना. "बा, मी बरोबरच सांगितलं. पट्टीवर बघ!"

"लई झालं. दाखव मंग. आत्ताच्या आत्ता दाखव."

बानानं त्याच्या खांद्यावरची दोरी घेतली, माझ्याएवढी मोजली, दोनदा दुमडली आणि माझ्या पोटावर शून्यापासून धरली. पंचवीस. तिनं बोट तिथंच ठेवून मला उलटलं. पाठीवर लिहिलं होतं, पाऊण. तिचा चेहरा पडला. मग तिनं पाठीवरचं शून्य शोधलं. ते भलत्याच टोकाला होतं, पोटावरच्या शंभरापाशी.

मास्तरांनी रामकिसनला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, "नांगर शेताच्या टोकाला गेला की तिथूनच वळतो ना, मास्तर? पोट संपलं, मी तिथूनच पाठ सुरू केली. रिकामा परत येतंय का कोणी?"

मास्तरांनी डोकं धरलं. "मुंजाबा, चूक पट्टीची अन् माझी. पोरीनं तर ती शोधली. तिला नेऊ नका."

मुंजाबानं बानाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मेंढरांमागं कोणीतरी लागतंय मला," तो म्हणाला. "पोरीला ठेवा. ही पट्टीच येईल." आणि त्यानं मला उचललं.

अशी माझी बदली झाली. पुढं मी ऊन खाल्लं, चिखल खाल्ला. मला वाळवीनं खाल्लं, एका बोकडानंही खाल्लं. खुणा पुसल्या. मेंढरांनी मला एकदाही काही विचारलं नाही. तेवढा एक आराम.

मुंजाबाचे पाय थकल्यावर बानानं मला परत शाळेत आणलं. ती आता तिथली बाई होती. तिनं नव्या पट्टीवर मला धरलं, शून्य दोनदा तपासून, आणि वर्गाला विचारलं, "ही किती उरली?"

"पाऊण मीटर," एक पोरगी म्हणाली.

"०.७५!" दुसरी ओरडली.

"दोघी बरोबर," बाना म्हणाली. तेव्हा कुठं माझ्या पाठीचं आणि पोटाचं एकमेकांशी पटलं.

मित्रांनो, पट्ट्यांना जपा, त्या घेऊन मारामारी करू नका. बोट ठेवण्याआधी शून्य कुठल्या टोकाला आहे ते बघा. आणि फट डोळ्यांना मोठी दिसली, तर ती मोठीच असते. मला विचारायला येऊ नका. मी जरा टेकते.