न्हाणीघरातली राणीसरकार

लग्नाला चार महिने होतात न होतात तोच माझी बदली सासरच्या गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात झाली. लाळ्या खुरकुताची लस टोचायची मोहीम जोरात होती. तोंडात फोड, खुरांत जखमा, आणि एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जायला या रोगाला वेळ लागत नाही. त्यामुळे एकही जनावर सोडायचं नव्हतं. त्या दिवशीच्या यादीतलं शेवटचं घर सासूबाईंचं होतं. गाई पाच, डुकरं बारा.

"जपून हं," नवरा सकाळीच म्हणाला होता. "आईचा जनावरांवर माझ्यापेक्षा जास्त जीव आहे."

सासूबाई फाटकातच उभ्या होत्या. "या डॉक्टरीणबाई," म्हणाल्या. मी लशीची थंड पेटी सावलीत ठेवली आणि गाईंपासून सुरुवात केली. डुकरं एकदा किंचाळायला लागली की गाई दावी तोडतात. सासूबाई नाकपुड्या धरायच्या, मी मानेत टोचायची. पाचही गाई शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या.

डुकरांनी मात्र माझी हजामत केली. एकेकाला फळीने कोपऱ्यात रेटायचं, कानामागे सुई टोचायची, पाठीवर निळ्या खडूची रेघ ओढायची. तिसऱ्याने माझ्या पायांमधून मुसंडी मारली आणि मी चिखलात फतकल मारून बसले. सासूबाईंनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

शेवटी रेघा मोजल्या. अकरा.

"आई, बारावी कुठाय?"

"राणीसरकार? विकली."

"कधी?"

"झाले... बरेच दिवस."

मी हात धुवायला न्हाणीघराकडे वळले, तशा त्या आडव्या आल्या. "तिकडे नको. स्वयंपाकघरात धू."

तेवढ्यात आतून कुणीतरी जोरात घुरघुरलं.

"आत कोण आहे?"

"तुझे सासरे. पोट बिघडलंय त्यांचं सकाळपासून."

आतून पुन्हा आवाज आला, या वेळी लांबलचक. आणि समोरच्या दारातून भाजीची पिशवी घेऊन सासरे आत आले. "अरे वा, सूनबाई! चहा झाला का?"

सासूबाई भिंतीकडे बघायला लागल्या. मी कडी काढली. सासऱ्यांच्या दोन्ही टॉवेलांचा बिछाना करून राणीसरकार ऐसपैस पसरली होती.

"टोचू देणार नाही मी," सासूबाई एकदम म्हणाल्या. "गाभण आहे ती. मागच्या खेपेला अशाच पकडापकडीत हिची सगळी पिल्लं गेली."

मी वाकून डुकरिणीच्या पोटावरून हात फिरवला. आचळ दाबताच दूध आलं. "आई, व्यायला टेकलेल्या जनावराला मी टोचतच नाही. दिवस भरलेत. व्याल्यावर महिन्याभराने बघू."

"मग आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही विकली म्हणालात ना!"

"आणि माझं पोट कुणी बिघडवलं?" सासऱ्यांनी विचारलं. दारातून येता येता त्यांनी ते ऐकलं होतं. आम्ही तिघंही हसत सुटलो.

राणीसरकारला मात्र हसायला सवड नव्हती. तिने शेपटी झटकली, पाय ताणले, आणि तासाभरात पहिलं पिल्लू बाहेर आलं. मग आम्ही दोघी न्हाणीघरातच ठाण मांडून बसलो. मी नाळ बांधायची, सासूबाईंनी पिल्लू पुसून आचळाला लावायचं. सहावं निपचित आलं. मी त्याच्या तोंडातला चिकटा काढला, उलटं धरलं, पाठ चोळली. सासूबाई फडकं घेऊन पुढे वाकल्या. पिल्लू चिरकून ओरडलं तेव्हा त्यांनी माझा चिकट्याने माखलेला हात घट्ट धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

संध्याकाळपर्यंत दहा झाली, दहाही धडधाकट.

सासऱ्यांनी दारातून डोकावून विचारलं, "मी आंघोळ कुठे करायची?"

"चार दिवस नाही केलीत तर काय बिघडतंय?" सासूबाई म्हणाल्या. "आणि हळू बोला, बाळंतीण झोपलीय."