दुप्पट मेमरीचा लॅपटॉप

“मयुरे, पाह्य! तू दोनशे छप्पन लिहिलं होतं, मी पाचशे बारावाला आनला. अन् भावही कमी!”

बाबांनी खोकं पलंगावर ठेवून थोपटलं. नाचणगावात चाळीस वर्षं कापड विकलेला हा माणूस! “बाजारातलं तुले काय समजते?” म्हणत वर्ध्याला एकटाच गेला होता. चिठ्ठीत मी स्पष्ट लिहिलं होतं: ग्राफिक्स चिप व्यावसायिक कामाची, मेमरी दोनशे छप्पन एमबी, आमच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला मान्य असलेली. त्यांनी त्यातला फक्त आकडा वाचला.

नागपूरच्या पंप कारखान्यानं मला चाचणीचं काम दिलं होतं. सोमवारी ड्रॉइंग पोचलं तर नोकरी, नाही तर दुकानात बसून परकर-पीस मोजायचे. आणि आज शुक्रवार!

नव्या लॅपटॉपवर पंपाचं चित्र उघडून फिरवलं. कडा गायब. पुन्हा फिरवलं, भोकं दिसेनात. मी उठले, खोलीभर फिरले, परत बसले.

“काऊन व, काय झालं?”

“ही गेमची चिप आहे, बाबा. माझ्या कामाची नाई.”

“पन डबल हाय ना!”

“डबल घेऊन काय चाटू? अर्ध्या रेघा दिसत नाईत!”

बाबांनी वाकून स्क्रीन बघितली. मग दारात जाऊन चपला घातल्या. “चाल.”

वर्ध्याचा दुकानदार म्हणाला, “काका, सील तोडलं. परत नाई होत.”

आता भांडण होणार, म्हणून मी घाबरले. बाबा एवढंच म्हणाले, “भाऊ, चूक माही हाय. पोरीनं बरोबर लिहिलं होतं.” त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. “तू बोल. मी मांगं उभा राह्यतो.”

मी एकेक ओळ वाचली. दुकानदारानं माझ्याकडे नीट बघितलं, आतून दुसरा लॅपटॉप आणला. सोबत आणलेल्या पेनड्राइव्हवरून सॉफ्टवेअर टाकून मी काउंटरवरच तेच चित्र फिरवलं. सगळ्या कडा जागेवर होत्या. पहिला लॅपटॉप ठेवून घ्यायला तो तयार झाला, पण वरचे पैसे चांगलेच सांगितले. लूटच होती ती.

मी मागे वळले. बाबांनी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं.

मी हो म्हटलं. बाबांनी पैशांची पिशवी उघडून माझ्यापुढे धरली.