जांभई देणारा सिंह

संग्रहालयात जुन्या वस्तूंची डागडुजी करणाऱ्या बाईंना दागिन्यांचं वेड कधीच नव्हतं. पण हजारो वर्षांपूर्वीचं ते सोन्याचं कडं मऊ ब्रशने पुसता पुसता त्यांचा जीव त्यावर जडला. कड्याच्या टोकांना दोन सिंह, नाकाला नाक लावून बसलेले. आयाळीत केसासारख्या बारीक तारा. त्यातला एक डरकाळी फोडत होता आणि दुसरा चक्क जांभई देत होता. हा दुसरा त्या सोनाराने घरातल्याच कुणाला तरी बघून घडवला असणार, अशी बाईंची खात्री पटली. आसपास कोणी नाही असं बघून त्यांनी कडं हातात घातलं.

गेलं सुळकन. निघेना मात्र काही केल्या.

साबण लावून झाला, हात वर धरून झाला. तेवढ्यात साहेब धावत आले. "पाहुणे जिन्यात पोचलेत. कडं कुठंय?"

बाईंनी हात पुढे केला. साहेब मटकन खाली बसले, आणि बसल्या बसल्याच त्यांना युक्ती सुचली.

थोड्याच वेळात बाई काळं कापड टाकलेल्या टेबलाखाली उकिडव्या बसल्या होत्या आणि त्यांचा हात दिव्याच्या वायरसाठी पाडलेल्या भोकातून वर आला होता.

"हात मेणाचा आहे," साहेब पाहुण्यांना सांगत होते.

"किती हुबेहूब," एक गृहस्थ म्हणाले. "नखातला मळसुद्धा केलाय."

बाईंनी खाली दात-ओठ खाल्ले. तेवढ्यात ओळखीचा आवाज आला. पाहुण्यांत त्यांची सख्खी आत्या होती.

"हा हात आमच्या पोरीचा आहे," आत्या म्हणाली. "हा तीळ मी ओळखते."

"तीळही मेणाचाच आहे, आजी."

"मग त्याला घाम कसा आला?"

"वितळतंय थोडं."

आत्याने सरळ चिमटा काढला. टेबलाखालून "आई गं" ऐकू आलं.

"आवाजाचीही सोय आहे वाटतं," ते गृहस्थ कौतुकाने म्हणाले.

आत्याने कापड उचललं. "इथे काय करतेस?"

"नोकरी," बाई म्हणाल्या.

आत्याने कडं धरून जोरात ओढलं. त्या झटापटीत तिचं बोट जांभई देणाऱ्या सिंहाच्या तोंडात गेलं, जीभ दाबली गेली आणि टक् असा आवाज झाला. दोन्ही सिंहांची नाकं दूर झाली. कडं अलगद उघडलं.

मग सगळी डोकी एकदम कड्यावर वाकली. जिभेखाली इवलीशी खिट्टी होती, इतक्या काळानंतरही लोण्यासारखी सरकणारी. आजवर ती कुणाला दिसलीच नव्हती. टेबलाखालून बाहेर येताना बाईंना भीतीबिती काही आठवेना. त्या मान वाकडी करून नुसत्या बघत राहिल्या.

साहेबांनी घसा खाकरला, रुबाबात कडं स्वतःच्या मनगटावर चढवलं, जीभ दाबली, उघडलं, परत चढवलं.

"तुम्हाला उद्या रागावतो," ते बाईंना म्हणाले. "आज जरा हे बघू द्या."