पॉन्टिॲकच्या वरची खोली

रूपेर्तो मेकॅनिकने इंजिन आणलं ते भाजीच्या हातगाडीवरून, वर गोणपाट आणि गोणपाटावर केळ्यांचे दोन घड ठेवून. हवानातल्या लुयानो वस्तीच्या त्या गल्लीत कोणाच्या घरी काय आलं हे संध्याकाळच्या आत सगळ्यांना कळतंच. पण म्हणून ते उघडं आणायचं नसतं.

"ओर्तेन्सिया, दार उघड! घरजावई आणलाय तुला!"

नेरेइदाने माळ्यावरून वाकून पाहिलं. आईने गोणपाट उचललं, आत बघितलं आणि पुन्हा पांघरलं.

"एवढंसं?"

"खातंही एवढंसंच. तुझ्या नवऱ्याचं ते सहा सिलिंडरचं धूड पेट्रोल पीत नव्हतं, पेट्रोलनं आंघोळ करत होतं."

कोरियातल्या कुठल्याशा मालवाहू व्हॅनचं ते चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. व्यवहार हवानात चालतो तसाच ठरला होता. सांगाडा एकाचा, इंजिन दुसऱ्याचं. गाडी ठरल्या रस्त्यावर माणसं भरून धावणार आणि कमाई निम्मी-निम्मी. सांगाडा बाबांची बावन्न सालची पॉन्टिॲक. बाबा फेब्रुवारीत गेले. होकार आईने दिला.

नेरेइदाची खोली त्या गाडीच्या वर होती.

घटस्फोटानंतरही ती आणि ओस्मानी एकाच घरात राहत होते. दोघांनी जायचं कुठे? मग त्याची नवी बायको आली आणि मध्ये पडदा आला. भिंतीला नुसते कान असतात. पडद्याला तोंडही असतं. एका रविवारी बाबा तिथे जेवायला आले, पडद्याकडे पाहत भात संपवला आणि उठून गेले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी गॅरेजचं रस्त्याकडचं तोंड विटांनी बंद केलं, तिथे एक खिडकी बसवली आणि गाडीच्या वर फळ्यांचा माळा घातला. गाडी आतच राहिली. "कुठे पळून जातेय ती?" म्हणाले. तेव्हापासून नेरेइदाला स्वतःचं दार नसलं तरी स्वतःची शिडी होती. प्रकाशनसंस्थेतून आणलेली मुद्रितं ती वर बसून तपासायची, भिंतीशी पुस्तकं रचायची. उभं राहिलं की डोकं छताला लागायचं, पण दिवसभर उभं कोण राहतं?

आता गाडी बाहेर काढायची तर विटांची भिंत जाणार होती. "तुझ्या खोलीला धक्का नाही लागणार," रूपेर्तोने तिला शपथेवर सांगितलं होतं. "भिंतीच्या जागी फाटक लावू. माळा जिथल्या तिथे."

तिला ते हवं होतं म्हणून पटलं. कारण माळा गेला तर आईची खोली, आणि आईच्या खोलीत पलंग एकच. त्याचा दाराकडचा अर्धा भाग रिकामा होता. त्या बाजूची चादर आई अजून रोज ताणून खोचायची. आजवर नेरेइदा त्या कडेवर टेकलीसुद्धा नव्हती.

इंजिन बसवायला बरेच दिवस गेले. रूपेर्तो दुपारी यायचा. जुन्या मोठ्या इंजिनाच्या जागी लहान टेकवायचं म्हणजे नवे आधार वितळवून जोडावे लागतात, मागची चाकं फिरवणारा लांब दांडा कापून पुन्हा सांधावा लागतो. वेल्डिंगचा निळा उजेड फळ्यांच्या फटींतून वर येऊन तिच्या कागदांवर नाचायचा. समोरचा चिचो, पाव भट्टीत काम करणारा अगडबंब माणूस, बॉनेटखाली डोकावून म्हणाला, "हे तर बापाच्या चपलेत पोराचा पाय! उरलेल्या जागेत भाडेकरू ठेव, रूपेर्तो."

"तूच ये. पण तू आलास तर इंजिन बाहेर ठेवावं लागेल."

"ह्याआधी का नाही बसवलं रे? एवेलियोला तर आपल्या गाडीची केवढी हौस होती."

"त्याला विचार आता!" रूपेर्तो हातोडी खाली ठेवत म्हणाला. "मी आणलेलं एक इंजिन पसंत पडेल तर शपथ. एकाचा धूर फार. दुसरं म्हणे शिलाई मशीन, पॉन्टिॲकची अब्रू जाईल. तिसऱ्याचा तर आवाजच आवडला नाही, आणि ते मी सुरूही केलेलं नव्हतं! जुनं इंजिन मात्र स्वतः उतरवून विकलं. मला वाटलं, म्हातारपणी खोड सुटत नाही माणसाची."

आई परातीत काळे घेवडे निवडत होती. तिने मान वर केली नाही.

इंजिन बसलं त्या दिवसापासून माळ्याची जमीन जराशी कलली. मेजावरची पेन्सिल रस्त्याच्या बाजूला घरंगळायला लागली. नेरेइदाने पेन्सिलीखाली कागदाची घडी ठेवली आणि काम चालू ठेवलं.

रूपेर्तोने किल्ली फिरवली तेव्हा आधी खोकला आला, मग धूर आणि मग तो आवाज, एकसारखा, कामसू, जरा हलक्या जातीचा. वरची पुस्तकं थरथरली. आईने कोरडेच हात ॲप्रनला पुसले, पुन्हा पुसले आणि घरात निघून गेली.

रविवारी सकाळी भिंत पाडली. इतक्या वर्षांनी तिथून सरळ ऊन आत आलं आणि पॉन्टिॲकचा धुळकट निळा रंग बघायला अर्धी गल्ली जमली. रूपेर्तो आत बसला, गिअर टाकला. गाडी थरथरली आणि जागची हलली नाही.

"ब्रेक सोड, महापुरुषा!"

"सोडलाय!"

चिचोने आणि आणखी चौघांनी मागून रेटा दिला. वरून कर्रकन आवाज आला, प्लॅस्टरचा तुकडा चिचोच्या टकलावर पडला. रूपेर्तो उतरला, टॉर्च घेऊन गाडीचा टप आणि माळ्याची तुळई यांच्यामध्ये बघू लागला.

"टप अडकलाय. समोरून चढून बसा रे, नाक खाली गेलं की सुटेल. चिचो, तुझा जन्म आज कामी आला."

चिचो बॉनेटवर चढला, त्याच्यामागे त्याची मेव्हणी, मग आणखी दोघं. स्प्रिंगा दबल्या, गाडीचं नाक खाली गेलं. आणि गाडीबरोबर तुळई खाली आली, सावलीसारखी टपाला चिकटून. माळ्यावर काहीतरी घसरून आपटलं.

"उतरा!" रूपेर्तो ओरडला. "सावकाश! एकेक!"

नाक वर आलं, तुळई वर गेली. कोणी हसलं नाही. रूपेर्तोने फटीत बोटं घातली आणि बराच वेळ चाचपत राहिला.

"नेरेइदा, इकडे ये पोरी."

टप आणि तुळई यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचं रबर होतं. दुपदरी घडी घातलेलं, कडा कात्रीने नीट कापलेल्या, चार ठिकाणी बारीक खिळ्यांनी तुळईला ठोकलेलं.

"लाकूड कच्चं होतं," रूपेर्तो हळू आवाजात म्हणाला. "लोखंडी रूळ मिळेल तेव्हा घालू म्हणाला असेल. ह्या देशात रूळ फक्त आगगाडीखाली मिळतो. म्हणून जड इंजिन काढलं त्यानं, नाक वर आलं, टपानं तुळई उचलून धरली. आणि म्हणूनच माझं एकही इंजिन त्याला पसंत पडेना, मला मेल्याला वाटलं, खोड."

"आणि हे रबर?"

"तू वर कूस बदललीस की कुरकुरत असणार."

नेरेइदाने रबराला हात लावला. ते उन्हाने अजून तापलेलं नव्हतं. तिला आठवलं, माळ्यावरची पहिली पावसाळी रात्र सोडली तर तिला तिथे कधीच कसला आवाज ऐकू आला नव्हता, आणि तिने ते घर भक्कम असल्याचं लक्षण मानलं होतं.

"मधोमध खांब दिला तर?" चिचोने विचारलं.

"मग गाडी काय खांबाला चिरून जाईल? बाजूंना वीतभर जागा नाही." रूपेर्तो तिच्याकडे वळला. "खोली तुझी आहे. तू सांगशील तसं. उद्या इंजिन उतरवतो, लॉटन वस्तीत एक डॉज गाडी त्याच्यासाठी तोंड उघडून बसलीय. मला राग नाही येणार."

आई दारात उभी होती. जमलेली माणसं एकदम दुसरीकडे बघायला लागली, कुणी चिचोच्या टकलावरचा चुना झटकू लागलं. नेरेइदाला कळेना, ह्यातली कुठली वाट सुटकेची. गाडी ठेवली तर रोज बाबांच्या खांद्यावर झोपायचं, आणि खाली आईने त्याच त्या भातात पाणी वाढवायचं. गाडी काढली तर त्यांनी एवढं राखलेलं आपल्या हातांनी मोडायचं. ते विचारलं असते तर "तात्पुरतं आहे ग" म्हणाले असते. ते सगळ्याच गोष्टींना तात्पुरतं म्हणायचे.

"पुस्तकं खाली आणायला कोण येतंय?" ती म्हणाली.

माळा उतरवायला घातल्याच्या निम्माही वेळ लागला नाही. फळ्या अंगणात रचल्या. दुपारच्या आत पॉन्टिॲक नाक वर करून रस्त्यावर आली, नव्या लहानशा आवाजात. बायकांनी टाळ्या वाजवल्या. रूपेर्तोने आईला पुढच्या सीटवर बसवलं आणि चौकापर्यंत एक फेरी मारायला नेलं. नेरेइदा गेली नाही. रिकाम्या गॅरेजमध्ये तिने झाडू फिरवला. ज्या हवेत ती इतकी वर्षं झोपली, ती आता नुसती हवा होती, डोक्याच्या कितीतरी वर.

जेवण झालं, भर उन्हाची वेळ. आईने पलंगावर नवी चादर घातली होती. नेरेइदा उशी हातात घेऊन दाराशी थांबली.

"उभी काय राहिलीस? ये."

"मी खुर्चीत टेकते जरा."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग पलंगाला वळसा घालून दाराकडच्या बाजूला आली, खोचलेली चादर ओढून सोडवली आणि तिथे आडवी झाली. बाबांच्या जागी, त्यांच्यासारखाच एक हात डोक्याखाली घेऊन.

"माझ्या जागी झोप तू. भिंतीकडे."

नेरेइदा आईच्या पायांवरून पलीकडे गेली. गादीत आईच्या अंगाचा खळगा होता, तिच्या मापाला किंचित आखूड. समोर भिंत, पाठीशी आई. उठायचं तर आईला उठवावं लागणार होतं.

"हलू नकोस फार," आई डोळे मिटून म्हणाली. "पलंग वाजतो."

ती हलली नाही.