जोडीदाराची टोपी

मी टोपी बोलतेय. हिरोची नव्हे, त्याच्या जोडीदाराची.

उल्हासनगरच्या बाजारातून हिरामणने मला घेतलं. तो आनंदनगरच्या कारखान्यात पॅकिंगला. जुन्या, स्वस्तातल्या काऊबॉय सिनेमांचं त्याला भारी वेड. त्याचा मित्र राजेंद्र तसलेच सिनेमे चामटोलीच्या माळावर मोबाइलवर काढतो. राजेंद्र हिरो, हिरामण जोडीदार.

गोष्ट ठरलेली. हिरो गुंडांना लोळवतो, जोडीदार चिखलात पडतो. आधी मी, मागून तो. शेवटी हिरो मुलीला घेऊन जातो आणि जोडीदार हात हलवत राहतो. असे सात सिनेमे झाले. डोक्यावर असतानाही मला चैन नसायचं. आता पडू, मग पडू.

एकदा हिरामणची बायको भावना म्हणाली, "अहो, लोक तुम्हाला धपाक म्हणतात. शाळेत आपल्या सईलापण चिडवतात."

हिरामण नुसता हसला. पण त्याच्या कपाळाला घाम फुटला होता, तो मला लागला.

आठव्या सिनेमाला वरातीचा घोडा आणला होता. हिरामण म्हणाला, "राजा, या टायमाला मी पडत नाय."

"अरे, फॉर्म्युला आहे तो! पब्लिक तुझ्या पडण्यालाच हसते."

गोळीबारासाठी फटाके लावले आणि घोडा बिथरला. वर बसलेला राजेंद्र खाली आला, पण पाय रिकिबीत अडकलेला. घोडा त्याला फरपटत निघाला. हिरामण धावला, लगाम धरून लोंबकळला आणि त्याने मला काढून घोड्याच्या डोळ्यांवर दाबलं. गरम श्वास, थरथरती कातडी... मीही थरथरत होते. घोडा थांबला.

राजेंद्रची बहीण प्रीती शूटिंग करत होती. हात मोडलेला राजेंद्र कण्हत म्हणाला, "एवढं कापून टाक."

"काप," हिरामणही म्हणाला. "त्याची लाज जाईल."

प्रीतीने सिनेमातून ते कापलं. पण भावनाला पाठवलं. सईने तीनदा बघितलं. "पप्पा, खरंच तुम्ही थांबवला?" हिरामणने मान हलवली.

काल राजेंद्रचा मेसेज आला. प्लास्टर निघालंय, रविवारी शूटिंग, पडायचा सीन आहे. हिरामणने बराच वेळ घेऊन लिहिलं, 'जय भीम. येतो. पण पडणार नाय.'

मेसेज वाचला गेलाय. उत्तर नाही. मी खिळ्यावर लटकलेय आणि फोन वाजला की दचकतेय. तुमच्याजवळही असा कोणी वर्षानुवर्षं पडत आला असेल, तर एवढं करा: त्याला काय करायचंय, ते एकदा विचारा.