आधी आग, मग घाव

मित्रांनो, पळायचं असेल तर आत्ताच पळा. मी एक जुनी कात्री आहे आणि माझ्या पात्याला माणसाचं रक्त लागलेलं आहे.

कागद कापणारी नाही, केस कापणारी तर मुळीच नाही. छाटणीची. लाल मूठ, मध्ये स्प्रिंग, खाली खिट्टी. दिसायला पोपटाच्या चोचीसारखी आणि चावायला त्याहून वाईट. मी किती जणांना मारलं ते ऐकाल तर तुम्ही मला कंपासपेटीशेजारीसुद्धा ठेवणार नाही. तरी ऐका. ज्याचं रक्त सांडलं त्यानेच मला माफ केलंय, मग तुम्हाला काय हरकत आहे?

माझा जन्म मार खाऊन झाला. भट्टीत लालबुंद होईपर्यंत तापवलं, ऐरणीवर आडवं घालून बडवलं, आणि अंग धगधगत असतानाच तेलात बुडवलं. तुम्ही जन्मल्यावर रडलात, मी चरचरले. पण त्या चटक्यानेच पोलादाला ताकद येते. मी एका झटक्यात अंगठ्याएवढी फांदी तोडायचे आणि मला त्याचा भारी गर्व होता.

माझे पहिले धनी एका काचघरातले म्हातारे माळी. काचघरात ऑर्किडच ऑर्किड, छतापासून लोंबणारी, लाकडाला चिकटलेली. माळीबुवांची एक खोड होती. एका रोपावरून दुसऱ्या रोपाकडे जाताना ते माझं पातं स्टोव्हच्या ज्योतीत धरायचे. दर वेळी, न चुकता. पुटपुटायचे, "आधी आग, मग घाव." मला इतका राग यायचा! काम मी करायचं आणि चटकेही मीच खायचे. पण पाहुणे फुलांचं कौतुक करायला लागले की बुवा मला वर धरून म्हणायचे, "फुलं हिची आहेत. मी नुसता हमाल." मग माझा राग जायचा.

एके दिवशी बुवा आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. काचघराला कुलूप लागलं. मी खिळ्याला लटकून गंजत राहिले आणि समोर एकेक कुंडी तहानेने मरताना बघत राहिले. मला तोंड आहे, पण ते फक्त चावायला.

मग एका सकाळी भिंतीवर घण पडला.

घण मारणारा गडी धिप्पाड होता. भिंती पाडणं हाच त्याचा धंदा, म्हणून जग त्याला हातोडा म्हणायचं. तीन घावांत त्याने खांब आडवा केला आणि काचांचा पाऊस सुरू झाला. सगळे मजूर मागे पळाले. हातोडा मात्र पुढे पळाला. कोपऱ्यात एक रोप अजून हिरवं होतं, ते त्याला दिसलं होतं. त्याने ते छातीशी धरलं, तेवढ्यात एक लांबलचक काच सुरीसारखी त्याच्या खांद्यात घुसली. त्याने ती उपटून फेकली, रोप डब्यात ठेवलं, आणि जाता जाता खिळ्यावरून मला काढून खिशात टाकलं.

त्याच्या एका खोलीच्या घरात ऊन येत नव्हतं. म्हणून त्याने आम्हा दोघींना आपल्या ताईच्या नवऱ्याकडे नेलं. हे दाजी म्हणजे खाटीक. पुढे मटणाचं दुकान आणि मागे एक उजेडाची खोली.

"दाजी, हे मरतंय," हातोडा म्हणाला.

"माझ्याकडे आणलंस?" दाजी म्हणाले. "माझ्याकडे येणारे सगळे मरायलाच येतात रे."

पण रोप जगलं. वर्षभरात त्याला रक्तासारखी लाल फुलं आली, मधोमध पिवळा ठिपका. अशी फुलं कुठल्याच दुकानात मिळत नव्हती. काचघर गेलं तेव्हा या ऑर्किडचा सगळा वंश गेला होता, ही एकटी उरलेली. सगळे तिला थोरली म्हणायला लागले.

फुलं बघून दोन गिऱ्हाइकं कायमची चिकटली. एक दातांची डॉक्टर, दुसरी मुलींना बॉक्सिंग शिकवणारी कोच. दुकान बंद असेल त्या दिवशी चौघं मागच्या खोलीत जमायची. त्यांचे धंदे बघा. दाजी हाडं फोडणार, हातोडा घरं फोडणार, डॉक्टर दाढा उपटणार, कोच नाकावर ठोसा कसा बसवायचा ते शिकवणार. चौघांचं पोट तोडफोडीवर. आणि कुंडीपुढे बसली की चौघंही बारशाला आल्यासारखी कुजबुजणार. डॉक्टर दात बघायचा छोटा आरसा घालून मुळांखालची कीड शोधायच्या. कोच रोपाला टेकू देताना आपली हाताला गुंडाळायची पट्टी फाडून वापरायची.

थोरली मोठी झाली तेव्हा तिची वाटणी ठरली. चार तुकडे, चार घरं. मूळ थोरली दाजींकडेच राहिली, आणि हातोड्याने एव्हाना उन्हाची खिडकी असलेली खोली घेतली होती. डॉक्टरांनी मला स्पिरिटने पुसलं आणि दाजींनी कापलं. काय हात होता त्यांचा! एक पेशीही चुरडली नसेल. तेव्हापासून सगळ्यांच्या घरी जाऊन छाटणी करायची ती दाजींनीच, असं ठरलं. डॉक्टरांनी त्यांना स्पिरिटची बाटली दिली. "दर कुंडीला पुसायची, दाजी. कंटाळा नको."

फक्त हातोडा मला त्याच्या कुंडीजवळ फिरकू द्यायचा नाही.

"अरे, वाळका दांडा तरी कापू दे," दाजी म्हणायचे.

"राहू द्या. दिवसभर तोडतोच की. घरी नको."

"भिकाऱ्यासारखं दिसतंय तुझं रोप."

"दिसू दे. माझ्यावर गेलंय."

सगळे हसायचे. मीही हसायचे, म्हणजे माझी स्प्रिंग कुरकुरायची.

आता वाईट भाग येतो.

स्पिरिटची बाटली एक दिवस संपली. दाजींनी नवी आणली नाही. त्यांची एक सवय होती, सगळ्या खाटकांची असते. एक तुकडा कापला की सुरी धारेच्या सळईवर दोनदा घासायची, ॲप्रनला पुसायची, पुढचा तुकडा. हात आपोआप चालतो. मलाही ते तसंच करायला लागले. सर्र, सर्र, ॲप्रनला पूस, पुढची कुंडी. मी आरशासारखी लखलखत होते. दाजी मला उजेडात धरून खूश व्हायचे. आणि मी? मी मूर्ख, मीही खूश. चटके नाहीत, स्पिरिटची झोंबणी नाही, नुसती धार आणि चमक.

त्याच सुमारास त्यांनी बाजारातून एक स्वस्तातलं ऑर्किड आणलं. त्याचं एक पान तपकिरी, ओलसर होतं. दाजींनी ते माझ्याकडून कापून घेतलं. सर्र, सर्र, ॲप्रन. आणि मग थोरलीचा वाळका दांडा. आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यातली कुंडी, कोचच्या खिडकीतली कुंडी.

आठवड्यात थोरलीच्या पानांवर पाणीदार डाग आले. बोट लावलं की पान फुटायचं आणि घाण वास सुटायचा. आधी पानं गेली, मग कोंब, मग बुंधा आतून सडून वाकला. दाजी, ज्यांनी आयुष्यात कधी बोकडासाठी डोळा ओला केला नव्हता, ते कुंडीसमोर बसून राहायचे. दुकानात गिऱ्हाईक हाका मारून निघून जायचं. मग डॉक्टरांची कुंडी गेली. मग कोचची. दाजी म्हणाले, "कुणीतरी हिच्यावर उठलंय."

पुढच्या बैठकीला हातोडा आपली कुंडी काखेत घेऊन आला. रोप टवटवीत होतं आणि त्याला कळ्यांचा दांडा फुटला होता. बिचाऱ्याला वाटलं, सगळ्यांना धीर येईल.

दाजींनी कळ्यांकडे पाहिलं. त्यांच्या मानेची शीर फुगली.

"सगळ्यांची मेली. तुझीच कशी जगली?"

"मला काय माहीत, दाजी?"

"मागच्या महिन्यात मी नसताना आला होतास. ताईला भेटायला म्हणे. काय ओतलंस माझ्या कुंडीत? चुना? ॲसिड?"

"शुद्धीवर आहात का? मी आणली ती. काचेखालून मी उचलली."

"म्हणूनच. तुझी ती तुझ्याकडेच राहावी म्हणून."

कोच म्हणाली, "दाजी, खाली बसा."

दाजी बसले नाहीत. त्यांनी खिळ्यावरून मला ओढलं, खिट्टी उडवली आणि हातोड्याच्या रोपाच्या बुंध्यावर झेपावले. "मग हीही जाऊ दे. कुणाचीच नको."

माझा जबडा उघडा होता. समोर हिरवा, कोवळा बुंधा होता. मित्रांनो, मला थांबता येत नाही. मूठ दाबली की मी मिटते.

आणि हातोड्याने मध्ये हात घातला.

मी मांसात शिरले. अनामिकेचं हाड लागलं तिथे थांबले, पण करंगळी मधोमध आली होती. तिचं शेवटचं पेर तुटून कुंडीतल्या शेवाळावर पडलं. हातोडा ओरडला नाही. दुसऱ्या हाताने त्याने कुंडी मागे सरकवली, रक्त तिच्यावर पडू नये म्हणून. त्याच क्षणी कोचने दाजींच्या जबड्यावर एकच ठोसा दिला. दाजी कुंड्यांच्या फळीवर कोसळले, फळी खाली आली, खापऱ्या फुटल्या, आणि दाजींचा पुढचा दात फरशीवरून घरंगळत माझ्याजवळ येऊन थांबला. मी तिथेच पडले होते, तोंड लाल करून.

"वा," डॉक्टर म्हणाल्या, हातमोजे चढवत. "एकाच खोलीत दोन पेशंट." त्यांनी हातोड्याचा हात वर धरला, गॉजने आवळला, आणि वळून न बघताच विचारलं, "दाजी, कात्री स्वच्छ होती ना? जखमेत काही जायला नको."

"स्वच्छच आहे," दाजी तोंड दाबून म्हणाले. "बघा की. चमकतेय."

"स्पिरिटने पुसलेली?"

"ॲप्रनला. नेहमीसारखी."

डॉक्टरांचे हात थांबले. "नेहमी म्हणजे?"

"बाटली संपल्यापासून."

"आणि आमच्याकडे छाटायला आलात तेव्हा?"

सगळ्यांच्या नजरा आळीपाळीने फिरल्या. सडलेली थोरली, फुटलेल्या कुंड्या, बाजारातलं ते ओलसर रोप, आणि एकच निरोगी कुंडी, जिला माझं पातं वाटणीनंतर कधीच लागलं नव्हतं.

"चमक म्हणजे स्वच्छ असतं, दाजी," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "तर मी लोकांच्या तोंडात चमचे घालून काम केलं असतं."

मला तेव्हा कळलं. मारेकरी मी होते. घरोघरी मरण घेऊन गेले, आणि जाताना आरशात बघत गेले. आणि हातोड्याने बोट दिलं नसतं तर तो शेवटचा बुंधाही मी सडवला असता.

हातोड्याला इस्पितळात नेलं. मागच्या खोलीच्या दारात त्याची ताई उभी होती. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "माझ्या भावाचं बोट आणि तुमचं फूल एका ताटलीत ठेवा, आणि मला सांगा कुठलं परत मिळेल." दाजी मागच्या अंगणात गेले, पत्र्याच्या पिंपात सगळी आजारी रोपं भरली आणि पेटवली. शेवटी थोरली. मग मला उचललं, एकदा पाहिलं, आणि आगीत फेकलं.

मी ओरडले नाही. माळीबुवांची आग आठवली. ती क्षणभराची होती. ही पुरी होती. माझी लाल मूठ वितळली आणि पोलादात जन्मापासून असलेली ताकद त्या रात्री निघून गेली.

सकाळी राखेत कुणीतरी सळईने ढवळलं. ताई होती. तिने मला फडक्यात गुंडाळलं आणि भावाच्या उशाशी नेऊन ठेवलं. "फेकायची तर तू फेक," ती म्हणाली. "तुझा हक्क आहे."

हातोड्याने मला फेकलं नाही. त्याला तीन महिने घण उचलता आला नाही. त्या काळात त्याने डाव्या हाताने माझ्या मुठीला सुतळी गुंडाळली. चुकत चुकत, शिव्या देत, सैल पडली की पुन्हा.

आणि एका सुट्टीच्या दिवशी तो दुकानात शिरला. दाजी ठोकळा घासत होते. दोघं तीन महिन्यांत बोलले नव्हते. हातोड्याने कुंडी ठोकळ्यावर ठेवली. रोप कुंडीतून ओसंडत होतं.

"दाजी, चार तुकडे करा."

दाजींनी मान हलवली. "मी नाही. मी आता झाडाला हात लावत नाही."

"मग कोण लावणार? माझं बोट कमी आहे." हातोड्याने खिशातून मला काढून पुढे ठेवलं. "धार लावा हिला."

दाजींचे डोळे भरले. पण सळई हातात आली की खाटकाचे हात खोटं बोलत नाहीत. त्यांनी मला घासलं. मऊ पोलाद, पण धार आली. मी पुन्हा लखलखले. दाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि माझी चमक बघून ते घाबरले. मग त्यांनी मुंडी-पाय भाजायचा बर्नर पेटवला आणि माझं पातं निळ्या ज्योतीत धरलं.

कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. माळीबुवांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. आधी आग, मग घाव. मित्रांनो, तो चटका मला इतका गोड कधीच लागला नव्हता.

मी गार झाले तरी दाजींनी मला दोनदा बुंध्याजवळ नेलं आणि दोनदा मागे घेतलं. कुंडी ठोकळ्यावर डुगडुगत होती. तेव्हा हातोड्याने आपला तोच हात, आखूड करंगळीचा, बुंध्याच्या अगदी शेजारी ठेवला आणि कुंडी घट्ट धरली. माझ्या उघड्या तोंडापासून दोन बोटांवर.

"कापा," तो म्हणाला. "मी हललो तर ओरडा."

मी मिटले. फक्त रोपावर.

आता माझी धार टिकत नाही. दर छाटणीला दाजींना मला घासावं लागतं, आणि दर कुंडीला जाळावं लागतं. डॉक्टरांनी दाजींना नवा दात बसवला, कोचने त्यासाठी फुलांचा गुच्छ दिला, माफी मात्र मागितली नाही. चार खिडक्यांत चार लाल फुलं आहेत.

माझं मागणं एकच. घरात माझ्यासारखं कुणी असेल, सुरी, कात्री, ब्लेड, काहीही, तर त्याच्या चमकण्यावर भुलू नका. एका जखमेवरून दुसरीकडे जाण्याआधी क्षणभर थांबा आणि ते स्वच्छ करा. आम्हाला चटका बसला तरी चालेल. आम्हाला थांबता येत नाही, मित्रांनो. थांबायचं काम तुमचं आहे.